उजव्या हाताचा नियम व आमचे विद्यार्थी

चुंबकीय क्षेत्रातून जाणाऱ्या विद्युतप्रभारावर जे बल पडते ते किती व कोणत्या दिशेस, असा प्रश्न परीक्षेत आला म्हणजे आमचे पुष्कळ विद्यार्थी बलाचा आकडा बिनचूक काढतात आणि दिशा मात्र उलटी लिहून मोकळे होतात. उत्तरपत्रिका परत मिळाल्यावर ते मेजापाशी येऊन म्हणतात, "सर, आकडा तर बरोबर आहे; पूर्वेच्या जागी पश्चिम झाले, इतकेच." कित्येक पालकही भेटीस आले असता हेच म्हणतात. मुलाला सारे येत होते, घाईत चिन्ह तेवढे चुकले, त्याकरिता गुण कापणे जरा कठोर नाही का, असा त्यांचा सूर असतो. त्यांचे वात्सल्य मी समजू शकतो. परंतु हे म्हणणे मला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे ह्या वार्षिक अंकाच्या निमित्ताने थोडे विस्ताराने सांगावे असे वाटते. आपल्या मोंढ्यातील एखाद्या आडत्याच्या मुनिमाने वहीत येण्याच्या बाजूची रक्कम देण्याच्या बाजूस मांडली, आणि वर "आकडा तर बरोबर आहे ना?" असे विचारले, तर त्याची नोकरी किती दिवस टिकेल? प्रस्तुत प्रश्नात दिशा ही आकड्याला जोडलेली शेपटी नव्हे. निम्मे उत्तर, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचे निम्मे उत्तर, तेच आहे.

ज्या पालकांची शाळा सुटून बरीच वर्षे लोटली आहेत त्यांच्यासाठी प्रथम नियम सांगतो. विद्युतप्रभार स्वस्थ असेल तर शेजारी स्थिर ठेवलेले चुंबक त्याला काही करीत नाही. तो प्रभार चालू लागला, आणि तोही चुंबकीय क्षेत्राच्या रेषेने न जाता तिला छेदून जाऊ लागला, म्हणजे त्यावर बल पडते. हे बल मोठे विलक्षण आहे. ते प्रभाराला पुढे ढकलीत नाही, मागे ओढीत नाही, किंवा चुंबकाकडेही खेचीत नाही. प्रभाराच्या गतीशी ते काटकोनात असते आणि चुंबकीय क्षेत्राशीही काटकोनात असते. त्यामुळे प्रभाराची चाल कमी होत नाही वा वाढत नाही. त्याची वाट मात्र वळते. बैल ज्या बाजूस ओढतात तिकडे गाडी जाते, दोर वर ओढला की पोहरा वर येतो. आपला सारा अनुभव असा असल्यामुळे ह्या बाजूने पडणाऱ्या बलाची दिशा अंदाजाने सांगू जाणारा मनुष्य फसतोच. बुद्धिमान मुलेही येथे फसतात, याचे मला नवल वाटत नाही.

आता दोन दिशा दिल्या असता त्या दोहोंशी काटकोन करणारी रेषा एकच असते, पण तिला टोके दोन असतात. प्रभाराची गती व क्षेत्र ही दोन्ही मेजावर पसरलेल्या कागदात असली, तर बल एक तर कागदातून वर आपल्या तोंडाकडे असेल, नाही तर खाली मेजाकडे असेल. ह्या दोहोंपैकी एक निवडण्याकरिताच हाताची योजना आहे. उजव्या हाताची चार बोटे प्रभाराच्या गतीच्या दिशेस सरळ धरावी. मग हात मनगटाशी असा फिरवून घ्यावा की बोटे मिटू लागली असता ती क्षेत्राच्या दिशेकडे वळतील. अशा स्थितीत ताठ ठेवलेला अंगठा जिकडे रोखलेला असेल, तिकडे धनप्रभारावर बल पडते. प्रभार ऋण असेल तर बल अंगठ्याच्या नेमके उलट. एवढाच नियम. क्रम मात्र सोडू नये. बोटे आधी गतीकडे व मग क्षेत्राकडे. तो क्रम फिरविला की अंगठाही फिरतो. हॉलंड देशाचे हेन्ड्रिक लॉरेंट्झ यांनी हे बल सूत्ररूपाने १८९५ साली मांडले म्हणून त्यास लॉरेंट्झ बल असे नाव पडले आहे.

हा नियम वर्गात फळ्यापुढे बसून शिकण्यापेक्षा मैदानावर उभे राहून शिकावा, असे माझे मत आहे. सकाळच्या वेळी शाळेच्या मैदानावर उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. सूर्य तुमच्या उजव्या हातास असेल. होकायंत्राची सुई ज्या बाजूस उत्तर दाखविते तीच पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची आडवी दिशा. आपल्या भागात खऱ्या उत्तरेत व तिच्यात अगदी थोडा फरक पडतो. हे क्षेत्र आपल्याकडे उत्तरेस जाताजाता किंचित जमिनीतही शिरते, परंतु सरळ वरून खाली येणाऱ्या प्रभाराच्या बाबतीत त्याचा तो उभा भाग काही करीत नाही. कारण गती व क्षेत्र एकाच रेषेत आले तर बल शून्य. तेव्हा उजवा हात खाली सोडा, बोटे जमिनीकडे, आणि तळवा समोर उत्तरेकडे वळवा, म्हणजे बोटे मिटताना उत्तरेकडे वळतील. अंगठा कोठे आहे? उगवतीकडे. आकाशातून सरळ खाली येणारा धनप्रभार आपल्या डोक्यावर पूर्वेकडे ढकलला जातो. ऋणप्रभार असेल तर तो मावळतीकडे जाईल. सहावीतील मुलालाही हे दोन मिनिटांत करता येते, आणि एकदा केलेले ते विसरत नाही.

आपल्या प्रांतातील चुंबकीय क्षेत्राची ही माहिती आयती मिळालेली नाही, हेही मुलांनी जाणावे. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय सुईची नोंद ठेवण्यास आरंभ झाला. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचे ठरले. ट्रामच्या तारांतून व रुळांतून वाहणारी विद्युतधारा आसपास स्वतःचे चुंबकीय क्षेत्र उत्पन्न करणार आणि वेधशाळेच्या नाजूक सुया हलविणार, हे उघड होते. त्या वेळचे संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी खाडीपलीकडे अलिबागेस नवी चुंबकीय वेधशाळा उभी केली. तेथे १९०४ साली काम सुरू झाले, आणि दोन्ही ठिकाणच्या नोंदींचा मेळ बसावा म्हणून १९०६ पर्यंत कुलाबा व अलिबाग येथे एकाच वेळी निरीक्षणे घेतली गेली. ट्रामगाड्या १९०७ साली धावू लागल्या तेव्हा वेधशाळेची व्यवस्था आधीच लागलेली होती. ही ट्राम मुंबईतून केव्हाच नाहीशी झाली. अलिबागची वेधशाळा मात्र अद्याप चालू आहे.

मैदानावरील त्या अंगठ्याकडे पुन्हा वळू. आकाशातून पृथ्वीवर सर्व बाजूंनी एक प्रकारचे अदृश्य किरण येत असतात, हे व्हिक्टर हेस यांनी १९१२ साली बलूनमधून उंच जाऊन दाखविले. त्यांस विश्वकिरण म्हणतात. ते आहेत कसले, ह्याविषयी मात्र पुढे वीस वर्षे वाद चालला. अमेरिकेतील मिलिकन यांच्यासारखा थोर प्रयोगकर्ता ते प्रकाशाच्याच जातीचे, म्हणजे प्रभाररहित आहेत असे मानीत होता. प्रभार नसेल तर चुंबकीय क्षेत्र त्यांस स्पर्शही करणार नाही. इटलीतील तरुण शास्त्रज्ञ ब्रूनो रॉसी यांनी १९३० साली असा विचार मांडला की हे किरण जर प्रभारित कण असतील तर पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्यांस एका बाजूस वळवील, आणि मग पूर्वेकडून येणाऱ्या व पश्चिमेकडून येणाऱ्या कणांची संख्या सारखी राहणार नाही. धनप्रभारित कण खाली येताना पूर्वेकडे वळत येतात. अर्थात जमिनीवर उभ्या असलेल्या माणसास ते पश्चिमेकडून आल्यासारखे दिसतील. ऋण असतील तर पूर्वेकडून. कण मोजणाऱ्या नळ्या एकदा पूर्वेकडे व एकदा पश्चिमेकडे तिरप्या करून मोजणी करावयाची, बस्स. १९३३ साली मेक्सिको शहरात थॉमस जॉन्सन यांनी, तसेच लुई अल्वारेझ व आर्थर कॉम्प्टन यांनी ही मोजणी केली. पश्चिमेकडून अधिक कण आले. म्हणजे हे किरण प्रभारित आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचा प्रभार धन आहे. त्यांतील बहुसंख्य कण हायड्रोजनची अणुकेंद्रे, म्हणजे प्रोटॉन होत, असे आज आपणांस ठाऊक आहे.

आता विचार करा. मोजणी बिनचूक झाली, आकडे बरोबर आले, आणि अनुमान काढताना कोणी उजव्याऐवजी डावा हात पुढे केला असता, तर साऱ्या आकाशातून इलेक्ट्रॉनांचा पाऊस पडत आहे असा सिद्धांत जगापुढे आला असता. त्या प्रयोगाचे सारे फळ पूर्व की पश्चिम ह्या एका शब्दात होते. "इतकेच" म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास मी ही हकीकत सांगतो.

दुसरी हकीकत ह्याहून चमत्कारिक आहे, आणि ती सांगितल्यावाचून मला राहवत नाही. कॅलिफोर्नियात कार्ल अँडरसन हे विश्वकिरणांची छायाचित्रे घेत होते. बाष्पाने भरलेल्या कोठीतून कण गेला की त्याच्या वाटेवर सूक्ष्म थेंबांची रेघ उमटते. कोठी बलवान चुंबकात ठेवली की ती रेघ वाकते. १९३२ साली त्यांस एक रेघ अशी दिसली की ती इलेक्ट्रॉनासारखी बारीक होती, परंतु वळण उलट्या बाजूस होते. येथे एक अडचण येते. वरून खाली जाणारा धन कण आणि खालून वर जाणारा ऋण कण, या दोहोंची वाट चुंबकात अगदी सारखी वाकते. म्हणून कण कोणीकडून कोणीकडे गेला हे कळल्याशिवाय हाताची बोटे कोणीकडे धरावी हेच कळत नाही. अँडरसन यांनी कोठीच्या मध्यावर ६ मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा बसविला होता. शिशातून जाताना कणाची शक्ती खर्च होते व मंदावलेला कण अधिक वाकतो. त्या छायाचित्रात पत्र्याच्या वरची रेघ अधिक वाकलेली होती. अर्थात कण खालून वर गेला होता. मग गतीची दिशा कळली, क्षेत्राची ठाऊक होतीच, वळण डोळ्यांपुढे होते. प्रभार धन ठरला. इलेक्ट्रॉनाएवढा हलका आणि धनप्रभारी असा कण तोपर्यंत कोणी पाहिला नव्हता. त्यास पॉझिट्रॉन हे नाव मिळाले आणि अँडरसन यांस १९३६ चे नोबेल पारितोषिक. आपल्या परीक्षेत ज्याला आपण "चिन्हाची चूक" म्हणतो, तेवढ्याच अंतरावर एक नवा कण उभा होता.

येथपर्यंत विद्यार्थ्यांविषयी झाले. आता शिकविण्याच्या पद्धतीविषयी थोडे बोलणे प्राप्त आहे, आणि ते माझ्या व्यवसायबंधूंस कदाचित रुचणार नाही. आमच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात एकाच प्रकरणात हाताचे तीन नियम येतात. तारेतील विद्युतधारेभोवती क्षेत्र कसे फिरते हे सांगणारा उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम एक. विद्युत चलित्राकरिता फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम दुसरा. विद्युत जनित्राकरिता फ्लेमिंगचा उजव्या हाताचा नियम तिसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकविणारे जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे दोन नियम बसविले. ते खरे आहेत, ह्यात शंका नाही. परंतु आमच्याकडे त्यांचे काय होते? मोटार म्हणजे डावा, डायनामो म्हणजे उजवा, तर्जनी म्हणजे हे, मधले बोट म्हणजे ते, असे पाढ्यासारखे पाठ केले जाते. परीक्षेच्या दिवशी हात कोणता आणि बोट कोणते याचा गोंधळ उडतो, कारण पाठ केलेल्या गोष्टींना एकमेकींचा आधार नसतो. अकरावी-बारावीत लॉरेंट्झ बल शिकण्याची वेळ आली म्हणजे मुलाला वाटते की हा आणखी एक चौथा नियम आला.

वस्तुतः मी वर सांगितलेला एकच नियम ह्या दोन्ही यंत्रांस पुरतो. चलित्रात तारेतून धारा वाहते. बोटे धारेच्या दिशेस धरा, क्षेत्राकडे वळवा, अंगठा तार कोणीकडे ढकलली जाईल ते सांगतो. जनित्रात आपण तारच हलवितो. तार हलली म्हणजे तिच्यातील प्रभारही तिच्याबरोबर हलले. तेव्हा बोटे तारेच्या गतीच्या दिशेस धरा, क्षेत्राकडे वळवा, आणि अंगठा प्रभार कोणत्या बाजूस रेटले जातील ते, म्हणजेच धारेची दिशा, सांगतो. हात तोच, क्रम तोच. पहिल्यात डावा व दुसऱ्यात उजवा का, हे कोडे मग उरतच नाही. फ्लेमिंग यांनी बोटांस वेगवेगळी कामे वाटून दिली म्हणून हात बदलावा लागला, एवढेच त्यातील रहस्य. प्रश्नपत्रिकेत फ्लेमिंगचा नियम लिहा असा प्रश्न येतो तोवर तो लिहिता आलाच पाहिजे, हे मी जाणतो. परंतु लिहिण्याकरिता तो असावा, विचार करण्याकरिता एक हात असावा.

ह्यावर चाणाक्ष विद्यार्थी विचारतात की तारेतून प्रत्यक्षात इलेक्ट्रॉन वाहतात, ते ऋण आहेत, व धारेच्या दिशेच्या उलट जातात. मग उत्तर चुकणार नाही का? प्रश्न रास्त आहे. धन कोणास व ऋण कोणास म्हणावयाचे हे अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन यांच्या वेळी ठरले, आणि इलेक्ट्रॉनाचा शोध जे. जे. टॉमसन यांनी १८९७ साली लावला. शोध लागला तेव्हा इलेक्ट्रॉन ऋण बाजूस निघाला. परंतु तारेवरील बल काढताना काही बिघडत नाही. इलेक्ट्रॉन उलट जातो म्हणून अंगठा एकदा उलटतो. तो ऋण आहे म्हणून पुन्हा उलटतो. दोनदा उलटून मूळ जागी येतो. हे मुलाने स्वतःच्या हाताने करून पाहावे. ज्याने केले तो पुन्हा विचारीत नाही.

आता एक अगदी साधी गोष्ट सांगतो, जी मी वर्षानुवर्षे परीक्षागृहात पाहत आलो आहे. उजव्या हाताने लिहिणारा विद्यार्थी ह्या प्रश्नाशी येतो. त्याच्या उजव्या हातात लेखणी असते. रिकामा असतो तो डावा हात. घाईत तोच वर जातो, बोटे वळतात, अंगठा दिशा दाखवितो, आणि लेखणी न सोडता तो निर्धास्तपणे उलटे उत्तर लिहून टाकतो. नियम त्यास पाठ असतो. "उजवा हात" हे शब्द तो त्याच कागदावर लिहितो. आणि वापरतो मात्र डावा. ह्याला उपाय एकच, लेखणी खाली ठेवणे. डावखुऱ्या मुलांस येथे अनायासे लाभ होतो. त्यांचा उजवा हात मोकळाच असतो. आपल्या घरांतून डावखुऱ्या मुलाच्या हातावर चापट मारून त्यास उजव्या हाताने लिहावयास लावण्याची चाल अजून पुरती गेलेली नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतो. त्याच्या हातात काही उणे नाही. त्याला सुखाने लिहू द्यावे.

हात वर करून बोटे वळविणे यास मुले लाजतात, आणि मुली तर फारच लाजतात. आपण काहीतरी पोरखेळ करीत आहो असे त्यांस वाटते. परीक्षागृहातील पर्यवेक्षकही कधी कधी अशा विद्यार्थ्याकडे संशयाने पाहतात. तो शेजाऱ्यास खुणा करीत आहे की काय, अशी त्यांस शंका येते. मग मुले हात मेजाखाली लपवून बोटे वळवितात, आणि मेजाखाली वाकडा झालेला हात वाकडेच उत्तर देतो. सुताराला गुण्या लावताना लाज वाटत नाही, शिंप्याला टेप लावताना वाटत नाही. मग विद्यार्थ्याने आपले साधन का लपवावे? पर्यवेक्षणास येणाऱ्या शिक्षकांस ही गोष्ट आधी समजावून सांगावी अशी माझी सूचना आहे. आणि पालकांस विनंती की आपली मुलगी घरी पुस्तकापुढे बसून हवेत हात फिरविताना दिसली तर तिला हसू नये. काय करतेस, असे विचारावे. ती सांगू शकली तर तिला विषय समजला आहे असे खुशाल समजावे.

पुष्कळांस असे वाटेल की विश्वकिरण व पॉझिट्रॉन यांचा जालन्याशी काय संबंध? तर मग जालन्यातीलच गोष्ट घेऊ. आपल्या गावाची आज पोलादाकरिता ख्याती आहे. औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून त्याच्या सळया काढणारे कारखाने आहेत, आणि ह्या शाळेतील काही मुलांचे वडील तेथे कामास आहेत. ह्या कारखान्यांतील भट्टी कोळशाने पेटत नाही. उष्णता सोसणाऱ्या अस्तराचे एक मोठे भांडे, त्याभोवती तांब्याच्या पोकळ नळीचे वेटोळे, नळीतून सतत फिरणारे थंड पाणी, आणि वेटोळ्यातून सेकंदास काहीशे वेळा उलटसुलट होणारी प्रचंड विद्युतधारा, अशी तिची रचना असते. वेटोळ्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे आतील लोखंडातच धारा उत्पन्न होते, व त्या धारेने ते तापून १,६०० अंश सेल्सिअसच्या सुमारास रसरूप होते. ज्यांनी ती भट्टी पाहिली आहे त्यांस एक गोष्ट आठवत असेल. भांड्यातील रस स्वस्थ राहत नाही. तो मध्यभागी घुमटासारखा फुगतो, कडेस खाली उतरतो, आणि कोणी पळी न घालता आपोआप ढवळला जातो. ढवळतो कोण?

हात काढा, लेखणी ठेवा. वरून पाहिले असता वेटोळ्यातील धारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरत आहे असे समजू. आतील क्षेत्र मग वरच्या दिशेस. रसात उत्पन्न होणारी धारा वेटोळ्यातील धारेच्या विरुद्ध, म्हणजे काट्यांप्रमाणे फिरते. भांड्याच्या पूर्वेकडील काठाशी ही धारा दक्षिणेकडे जाते. बोटे दक्षिणेकडे धरा, वरच्या बाजूस वळवा. अंगठा पश्चिमेकडे, म्हणजे भांड्याच्या मध्याकडे. दुसऱ्या कोणत्याही काठाशी करून पाहा, अंगठा मध्याकडेच येईल. पुढील क्षणी वेटोळ्यातील धारा उलटली. रसातील धाराही उलटली व क्षेत्रही उलटले. दोन्ही उलटल्यामुळे अंगठा पुन्हा मध्याकडेच. खरे पाहता ह्या दोन्ही धारा अगदी एकाच क्षणी उलटत नाहीत, त्यामुळे बल कमीजास्त होत राहते; पण सरासरी धरली तर रस सतत आतल्या बाजूस दाबला जातो. दाबलेला रस मध्याकडे सरकून वर चढतो, आणि पुन्हा कडेने खाली उतरतो. भट्टीत टाकलेले निरनिराळे पदार्थ रसात सारखे मिसळतात ते ह्यामुळे. मुलांनो, ज्या भट्टीपाशी तुमचे वडील किंवा काका रात्रपाळी करतात तिच्या पोटात काय चालले आहे हे त्यांस घरी गेल्यावर तुम्ही हाताने दाखवू शकाल. आणि रस कसा दिसतो, कोणत्या वेळी अधिक उसळतो, हे ते तुम्हांस सांगू शकतील. अशा दोघांच्या संभाषणात जे शिकणे होते ते माझ्या तासाला होत नाही.

ह्याच वर्गात एका प्रश्नाची मी नेहमी वाट पाहत असतो, आणि बहुधा एखादा विद्यार्थी तो विचारतोच. सर्व मनुष्ये डावखुरी असती तर? निसर्गाला उजवा हात कोठून ठाऊक? ह्या बलापुरते बोलावयाचे तर निसर्गाला तो ठाऊक नाही. होकायंत्राच्या सुईचे कोणते टोक क्षेत्राची दिशा दाखविते असे म्हणावयाचे, हे माणसांनी ठरविले आहे. ते उलट ठरविले असते तर सर्वत्र डावा हात वापरावा लागला असता, आणि भट्टीतील रस तरीही मध्याकडेच दाबला गेला असता. आंद्रे मारी अँपिअर यांनी १८२० साली दाखविले की शेजारी टांगलेल्या दोन तारांतून धारा एकाच दिशेस गेली तर त्या एकमेकींकडे ओढल्या जातात, आणि विरुद्ध दिशांस गेली तर दूर सरतात. हे पाहण्यास हाताचे कारण नाही. पोळ्या गुंडाळण्याच्या चकचकीत कागदाच्या दोन लांब अरुंद पट्ट्या, एक जाड घट आणि जोडण्यास तारा एवढे साहित्य पुरते. मात्र शिक्षक जवळ असावेत व जोडणी क्षणभरच ठेवावी, कारण पट्ट्या व तारा चटकन तापतात. जोडणी केली की पट्ट्या कोणीकडे हलतात ते आधी पाहून घ्यावे. मग पहिल्या पट्टीतील धारेमुळे दुसरीपाशी क्षेत्र कोणीकडे आहे ते उजव्या हाताने काढावे, त्या क्षेत्रात दुसरीवर बल कोणीकडे पडते ते पुन्हा उजव्या हाताने काढावे, आणि नंतर हेच दोन्ही वेळा डाव्या हाताने करून पाहावे.